संत्र्याएवढा सूर्य

रविवारी दुपारी बेळगुंदीतली पोरं विहारामागच्या खोलीत जमतात आणि मी त्यांना भिंतीवर सिनेमा दाखवते. सिनेमे एकाच तऱ्हेचे: ज्यांत विज्ञान आहे आणि अजून न घडलेलं काहीतरी आहे. बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, पण पोरांशिवाय दुपार जात नाही. प्रोजेक्टर माझ्या मुलाचा जुना, पडदा म्हणजे चुना दिलेली भिंत, बसायला सतरंज्या.

आमचा एक नियम आहे. सिनेमा संपला की उठून पळायचं नाही. प्रत्येकाने उभं राहून आपला सगळ्यात आवडता सिनेमा कुठला आणि सगळ्यात नावडता कुठला ते सांगायचं, कारणासकट. 'मस्त' आणि 'बोर' हे दोन शब्द खोलीत बंद. मत दर रविवारी बदललं तरी चालतं, कारण मात्र पाहिजे.

सिनेमांची खरी नावं पोरांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. एक दाराचा पिच्चर. त्यात आकाशात तरंगणाऱ्या ठाण्याला एक लोखंडी दार असतं. ते उघडून पाऊल टाकलं की माणूस थेट दुसऱ्या ताऱ्यापाशी निघतो. आणि एक वांग्यांचा पिच्चर. त्यात एक प्रचंड यान दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं असतं, इतक्या दूरच्या की निघालेली माणसं वाटेतच म्हातारी होऊन मरतात. त्यांची पोरं यानातच जन्मतात, यानातच शेती करतात आणि तीही तिथेच म्हातारी होतात.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ओमकार उभा राहिला. त्याच्या घरची भाजीपाल्याची शेती आहे.

"वांग्यांचा पिच्चर नावडता. कारण दोन तास ती मानसं वांगीच लावत्यात. शाळेतनं आलं की वांगी तोडा, ताटात वांगी, आनि रविवारी भिंतीवर बी वांगी! आमी जायाचं कुठं?"

"कारण पटलं. बस," मी म्हणाले.

मग पूर्णिमा उठली. सातवीत आहे. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची सवय. तिने त्या दिवशी ओढणी इतकी आवळली की बोट लाल झालं.

"मला दाराचा पिच्चर आवडतोय. कारण त्यात लांब म्हनून काय न्हायच. दार उघडलं की झालं. आनि वांग्यांचा मला बघवत न्हाय. त्यातली म्हातारी नातीला सांगती, आपन पोचनार न्हाय, तुझी नात पोचंल. असं कुनी ल्हान पोरीला सांगतंय का?"

"मग काय सांगायला हवं होतं?"

"जवळच हाय म्हनायचं," असं म्हणून ती खाली बसली. मग स्वतःशीच पुटपुटली, "सगळी तसंच म्हनत्यात."

ते 'सगळी' म्हणजे कोण, हे मला मंगळवारी कळलं. पूर्णिमाची आजी बायडाबाई अंगणात येऊन पायरीवर टेकली. तिचा मुलगा नागेंद्र फौजेत हवालदार आहे आणि सध्या लेहला असतो. सून बेळगावात नर्स, तिची ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री. नात आजीपाशीच वाढते.

"बाई, पोरगी बापाशी बोलंना झालीया," बायडाबाई म्हणाली. "दिवाळीला येतो म्हनला, रजा मिळाली न्हाय. संक्रांतीला येतो म्हनला, ती बी गेली. दर टायमाला म्हनतोय, 'पुनी, मी काय लांब न्हाय, जवळच हाय.' आता फोन वाजला की ही उठती आनि गोठ्यात जाती. म्हशीला वैरण घालायची हाय म्हनती. म्हस बी हिला बघून तोंड फिरवाय लागलीया, खाऊन खाऊन."

मला हसू आलं. बायडाबाईला आलं नाही.

"सोमवारी त्यो वर जानार. त्या बर्फातल्या चौकीवर. तीन म्हयने तरी फोन न्हाय, काय न्हाय. रविवारी सांजच्याला शेवटचा फोन करतो म्हनलाय. तवा तरी हिनं दोन शब्द बोलावं. न बोलता गेला तर त्यो तिकडं झुरंल आनि ही हिकडं. तुमचं ऐकती ती. तुमी सांगा."

"मी सांगितलं म्हणून ती बोलली, तर ते त्याला कळणार नाही का?"

बायडाबाई पायरीवर पुढे सरकली. "मग काय करनार तुमी?"

"बघते," एवढंच म्हणाले.

रविवार आला. पोरांच्या हट्टाने पुन्हा दाराचाच पिच्चर लावला. दार उघडलं तशी पोरं ओरडली. पूर्णिमा ओरडली नाही. सिनेमा संपल्यावर तिने मत सांगितलं नाही, उलट विचारलं.

"बाई, खरं सांगा. दाराचा पिच्चर खरा का वांग्यांचा खरा?"

पोरं सरसावून बसली. पोरांना असला प्रश्न म्हणजे कुस्ती लागल्यासारखी. मी त्या पोरीकडे बघितलं. तिला दार खरं हवं होतं. खोटं सांगणं माझ्याने झालं नसतं, आणि खरं सांगितलं तर आज संध्याकाळी ती गोठ्यातून बाहेरच आली नसती.

"मी सांगू, की तुम्ही स्वतः बघणार?" मी म्हणाले.

"बघनार!" आठ-दहा आवाज.

पिशवीत संत्री होती. सिनेमानंतर पोरांना वाटायला बेळगावच्या बाजारातून आणली होती. त्यातलं एक मी हातात घेतलं.

"हा आपला सूर्य. एवढा केला. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे मित्र नावाचा तारा. उन्हाळ्यात रात्री दक्षिणेला अगदी खाली दिसतो. खरं तर ती ताऱ्यांची जोडी आहे, पण आपण एकच धरू. तोही साधारण सूर्याएवढाच. म्हणजे तोही एक संत्रं. आता सांगा, हे संत्रं इथे असेल तर ते दुसरं कुठे ठेवू?"

"त्या कोपऱ्यात!"

"कोपऱ्यात कुठं, हिरीपाशी!"

"उचगावला!" सौरव म्हणाला. सौरवचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, त्यामुळे पुढचं आपोआप झालं. तो गुडघ्यांवर उभा राहिला आणि यार्डातल्यासारखा हात वर करून सुरू झाला, "उचगाव एक बार, उचगाव दोन बार..."

"कॅम्प!" मैत्री ओरडली.

"कॅम्प एक बार..."

"धारवाड!"

"निपाणी!" ओमकार म्हणाला. "आनि निपाणीच्या पुढं न्हाय. पुढं कोगनोळीचा टोल लागतोय, मग महाराष्ट्र."

"ताऱ्याला टोल कुठला रं?"

"टोल नसंना. पर संत्रं कर्नाटकातलं हाय न्हवं?"

"संत्रं नागपूरचं हाय, येड्या!" मैत्री म्हणाली आणि लिलाव हशात बुडाला.

"बोली इथेच थांबवा," मी म्हणाले. "आधी शेतात जाऊ. आपली पृथ्वी कुठे बसते ते बघू, मग पुढची बोली."

विहाराच्या मागे बायडाबाईचंच शेत आहे. रताळी काढून मोकळं झालेलं, लांबलचक, पश्चिमेच्या टेकडीपर्यंत गेलेलं. आमची वरात बघून बायडाबाई बाहेर आली. मी तिच्याकडे राजगिरा, वाटाणा आणि मोहरी मागितली.

"पूजा हाय काय कसली?"

"तसंच समजा."

तिने तिन्ही आणून दिली आणि आमच्यामागून तीही आली. फोन तिच्या कमरेच्या पिशवीत होता. पिशवीवर हात होता.

शेताच्या कडेला पाटी पालथी घालून तिच्यावर संत्रं ठेवलं. मी राजगिऱ्यातला सगळ्यात बारीक दाणा निवडून मैत्रीच्या तळहातावर ठेवला.

"ही पृथ्वी. मोजून दहा पावलं जा आणि वळून उभी राहा."

मैत्री चालत गेली आणि वळली. संत्र्याकडे बघितलं, मग तळहाताकडे.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच. त्या दाण्यावर समुद्र आहेत. त्यावर बेळगाव आहे, बेळगुंदी आहे. या वेळी फोडणी देणारी प्रत्येक बाई त्यावर आहे."

"आनि चंद्र?" सौरवने विचारलं.

मी मातीचा एक कण चिमटीत धरून त्या दाण्यापासून बोटभर लांब, मैत्रीच्या मनगटाकडे ठेवला. "माणूस आजवर जास्तीत जास्त लांब गेलाय तो इथे. पृथ्वीपासून एका बोटावर."

सगळे तळहातावर वाकले. बारा डोकी एका हातावर. आणि तेवढ्यात ओमकार शिंकला.

"गेली!" मैत्री किंचाळली. "पृथ्वी गेली!"

"कुठं गेली?"

"मला काय म्हाईत! तूच उडवलास!"

मग सगळी गुडघ्यांवर. रताळ्याच्या वाळक्या वेलांत, ढेकळांत, पृथ्वी शोधत. मी थांबवलं नाही. लाल मातीत राजगिऱ्याचा बारीक दाणा शोधणं म्हणजे काय ते दुसऱ्याने सांगून कळत नाही. दाणा सापडला नाही. दुसरा घेतला, थुंकीने काडीच्या टोकाला चिकटवला आणि काडी मातीत रोवली. ओमकार नाक हाताने धरून चार हात लांब उभा राहिला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

पुढे गुरू. वाटाणा घेऊन सौरव निघाला. शुक्र, मंगळ आम्ही जागेवरून नुसते बोटाने दाखवले, बारीक दाण्यांना कोण राखत बसणार. सौरव पेरूच्या झाडापाशी थांबला आणि म्हणाला, "अजून?" मी हाताने पुढे पुढे केलं. तो पुटपुटत चालत राहिला. शेवटी मी "बास" म्हटलं तेव्हा तो आणि पृथ्वीची काडी यांच्यात बैलगाड्यांची एक रांग मावली असती.

"आता शेवटचा ग्रह. नेपच्यून. मोहरी. कोण जाणार?"

"मी जाते," पूर्णिमा म्हणाली.

ती शेताच्या पार टोकाकडे निघाली. बरोबर जायला कुणी उठलं नाही, म्हणून मी निघाले. बायडाबाईही. माझी चाल आता हळू आहे. पोरगी थांबून थांबून आमच्यासाठी उभी राहत होती. बांधापाशी पोचलो. पूर्णिमाने मोहरी तळहातावर ठेवली आणि मागे वळली.

पाटी दिसत होती, तीही आहे हे माहीत होतं म्हणून. संत्रं पिवळ्या ठिपक्यासारखं कधी दिसे, कधी नाही. दाण्याची काडी कुठे आहे हे तर कळेचना.

"बाई, पृथ्वी दिसंना झाली," पूर्णिमा हळू म्हणाली.

"इथून नाहीच दिसत."

मी बाकीच्यांना हाक मारली. सगळे धावत बांधावर आले, वळले आणि डोळ्यांवर हात धरून संत्रं शोधू लागले. आम्ही ज्याला आपलं म्हणतो ते सगळं त्या शेतात होतं, आणि ते शेत जवळजवळ रिकामं होतं.

"सौरव, आता लिलाव चालू कर. मित्र कुठे ठेवायचा?"

सौरवने हात वर केला आणि तसाच खाली घेतला. कॅम्प आणि धारवाड म्हणणारी पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"मुंबई," शेवटी कुणीतरी घाबरत म्हणालं.

"पुढे."

"बाई, मुंबईच्या बी पुढं?"

बांधावरून एक मुंगी चालली होती, तोंडात काहीतरी पांढरं घेऊन. मी खाली बसले आणि पोरांना बसवलं.

"जगातली सगळ्यात वेगवान गोष्ट कुठली?"

"प्रकाश," मैत्री म्हणाली.

"या आपल्या शेताच्या मापात प्रकाश किती वेगाने चालेल? ह्या मुंगीइतक्या. सूर्यावरून निघालेलं ऊन त्या काडीपर्यंत ह्या चालीने पोचतं. त्याहून वेगाने जाईल असं काही अजून कुणाला सापडलेलं नाही."

पोरं मुंगीकडे बघत राहिली. मुंगी एका ढेकळाशी थांबली, वळसा घालून पुन्हा निघाली. मी आयुष्यभर फळ्यावर प्रकाशाचा वेग लिहिला आहे, मोठा आकडा, पुढे शून्यं. पण तो वेग असा चालताना मीही पहिल्यांदाच बघत होते.

"आनि आपलं यान?" ओमकारने विचारलं.

"दुधी भोपळ्याचा वेल दिवसाला किती वाढतो?"

"चांगला वाढतोय. एवढा तरी," त्याने चार बोटं दाखवली.

"माणसाने सूर्यमालेच्या बाहेर धाडलेली यानं या मापात तेवढीच सरकतात. वेल वाढतो तशी."

ओमकारच्या डोळ्यांसमोर वेल होता. शेतकऱ्याच्या पोराला ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याने आपली चार बोटं पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "मग त्या वांग्यांवाल्यांचं काय चुकीचं न्हाय की. म्हातारी व्हनारच. आनि वाटंत खानार काय, वांगीच लावाय पायजेत." आणि स्वतःच्याच बोलण्याने चकित होऊन त्याने डोकं खाजवलं.

"म्हंजे दार खोटं," पूर्णिमा म्हणाली.

"दार अजून कुणाला सापडलेलं नाही. सापडणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण आज तरी लांब म्हणजे लांबच."

तिने मान हलवली. रडली नाही. चिडलीही नाही. तिने माझ्याकडे हात केला. "फोन द्या. कुठं ठेवायचं ते मी बघते."

मी अंतर मोजता येणारा नकाशा उघडून तिला फोन दिला आणि ताऱ्याचं अंतर सांगितलं: दोन हजार किलोमीटर आणि वर थोडं. नकाशावर ती बेळगुंदीवर बोट ठेवून बसली. पश्चिमेला समुद्र. दक्षिणेला समुद्र. पूर्वेलाही समुद्रच. "पान्यात न्हाय ठेवायचं," ती म्हणाली आणि बोट उत्तरेला नेऊ लागली. इंदूर गेलं. कोटा गेलं. दिल्ली जराशी बाजूला राहिली. डोंगर सुरू झाले. बोट हळू झालं. आकडा दोन हजारांच्या पुढे गेला आणि बोट थांबलं.

तिच्या खांद्यावरून मैत्रीने वाचलं. "लेह."

मी चटकन फोन हातात घेतला. बरोबर होतं. मी हे ठरवून केलेलं नव्हतं. संत्री होती म्हणून संत्रं घेतलं. बोरं आणली असती, तर तारा महाराष्ट्र संपेपर्यंत कुठेतरी पडला असता. नारळ घेतला असता तर देशाबाहेर. बाजारात जे स्वस्त आणि गोड दिसलं ते पिशवीत पडलं, आणि शेजारचा तारा जाऊन नेमका तिथे बसला.

"पुने," ओमकार म्हणाला, "तिथं तर तुझे पप्पा हाईत."

ती बांधावर उभी राहून शेतापलीकडे बघत होती, उत्तरेला, जिथे नुसती झाडं आणि विजेचे खांब होते.

"मधी काय हाय बाई? ह्या मोहरीपासनं तिथंवर?"

"जवळजवळ काहीच नाही. थोडी बर्फाची ढेकळं, धूळ. बाकी काळोख."

"आनि तिथं एकच संत्रं."

"हो."

तेवढ्यात बायडाबाईच्या कमरेला फोन वाजला.

बायडाबाईने तो बाहेर काढला पण उचलला नाही. नातीकडे बघत राहिली. सगळी पोरं नातीकडे बघत राहिली. गोठा शेताच्या दुसऱ्या टोकाला होता. पूर्णिमाने एकदा तिकडे बघितलं. फोन वाजत होता. मला वाटलं आता ही निघणार, आणि मी काही बोलणार नव्हते.

तिने हात पुढे केला, आजीकडून फोन घेतला आणि पडदा समोर धरला. पडद्यावर लोकरी टोपीतला एक माणूस, नाक लाल, मागे लाकडी भिंत. तो "आये" म्हणायला तोंड उघडत होता, आणि समोर आजी नाही हे बघून तसाच राहिला.

"पप्पा," पूर्णिमा म्हणाली, "तुमच्याकडं संत्रं हाय का?"

मला वाटलं चित्र अडकलं.

"संत्रं?"

"व्हय. लगीच बघा. लई म्हत्त्वाचं हाय."

"हाय की. लंगरात, सैपाकाच्या खोलीत, असत्यात. थांब. फोन ठेवू नगंस हं पुनी. ठेवू नगंस." चित्र हलायला लागलं. छत, दार, बर्फाचा पांढरा झगझगाट, पुन्हा दार. बुटांचा आवाज. कुणाला तरी तो हिंदीत ओरडून सांगत होता की पोरीला संत्रं दाखवायचं आहे, आत्ता, चौकशी नंतर कर. कुणीतरी हसलं. मग तो पुन्हा दिसला, दम लागलेला, हातात संत्रं.

"हे बघ. पर हे गोठलंय. दगड झालाय नुसता." त्याने ते टेबलावर आपटलं. ठक्क असा आवाज बेळगुंदीच्या बांधावर सगळ्यांनी ऐकला.

"आमच्याएवढंच हाय का ते?" सौरव मधे घुसला. मैत्री म्हणाली, "असं न्हाय कळत. फोनजवळ धरलं की मोठंच दिसतंय. शेजारी धाचं नाणं धरा म्हनावं. नाणं सगळीकडं सारखंच."

मला त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली, पण शिकवणाऱ्याने अशा वेळी मधे पडू नये. नागेंद्रने खिसे चाचपले, कुणाकडून तरी दहाचं नाणं मिळवलं आणि संत्र्याला लावून धरलं. तोवर ओमकार पाटीवरचा सूर्य आणायला धावत सुटला होता आणि मैत्रीने माझ्याकडून दहाचं नाणं घेतलं होतं. दोन्ही संत्री, दोन्ही नाणी, शेजारी शेजारी. जवळजवळ सारखीच.

"आता सांग तरी, काय लफडं हाय हे?" नागेंद्र म्हणाला.

मग पूर्णिमाने सांगितलं. सूर्य, राजगिरा, वाटाणा, मोहरी. ओमकारची शिंक. मुंगी. दुधीचा वेल. मी ऐकत होते. तिने काहीही चुकवलं नाही. शेवटी म्हणाली, "आनि तुमी जिथं उभा हाईसा ना पप्पा, तिथं शेजारचा तारा हाय. तुमी तारा धरलाय. मधी काय न्हाय. एवढं लांब हाय. जवळ न्हाय. तुमी जवळ म्हनू नगा."

पलीकडच्या माणसाने टोपी मागे सारली. हातातल्या गोठलेल्या फळाकडे बघितलं, मग पोरीकडे.

"न्हाय म्हनत," तो म्हणाला. "लांब हाय, पुनी. लई लांब हाय. मला बी रोज कळतंय ते."

बायडाबाईने पदर तोंडाला लावला.

"पर मला एक सांग," नागेंद्र म्हणाला. "तो राजगिऱ्याचा दाना. पृथ्वी. मी पन त्यावरच हाय न्हवं? का मी ताऱ्यावर राहतोय?"

पूर्णिमा थबकली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "बाई, मग त्या दान्यावर मी कुठं आनि पप्पा कुठं?"

मी मनात हिशोब केला. दोनदा केला, कारण पहिल्यांदा आलेलं उत्तर माझं मलाच खरं वाटेना. मग मी तिच्या ओढणीवर पडलेला तिचाच एक केस उचलला आणि तिच्या बोटावर आडवा ठेवला.

"एवढं अंतर. याच्या लांबीइतकं नव्हे, जाडीइतकं."

तिने बोट डोळ्यांपाशी नेलं. उन्हं उतरली होती, केस नीट दिसत नव्हता, म्हणून ती बोट तिरपं करून बघत राहिली. बाकीची पोरं श्वास धरून. ओमकारने नाक पुन्हा पकडलं होतं.

"पप्पा," ती अखेर म्हणाली, "बाई म्हनत्यात एका केसाच्या जाडीवर."

"खरं?"

"व्हय." तिच्या आवाजाला हसू फुटलं. "केसाएवढंच हाय. पर चालाय लई हाय. तुमी उद्या वर सावकाश जावा. बर्फात घाई करू नगा."

"न्हाय करत."

"आनि ते संत्रं?"

"ते खानार कसं? दात पडतील. खिडकीत ठेवतो. इथं काय नासत न्हाय. माघारी येईस्तोवर कुनी हात लावायचा न्हाय म्हनून सांगून जातो. शेजारचा तारा हाय म्हनतो."

मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो," तो हिंदीत म्हणाला, पण गेला नाही. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून त्याने संत्रं दोन्ही हातांत घेतलं आणि पडद्यासमोर धरून उभा राहिला, फोटो काढणाऱ्यासमोर बक्षीस धरावं तसा. इकडे पूर्णिमानेही आपलं संत्रं वर केलं. चित्र मधूनच थांबे, पुन्हा हले. आम्ही सगळे बांधावर उभे होतो, मागे अख्खी सूर्यमाला होती, आणि एकाही पोराला घरी जायची घाई नव्हती.